डावीकडचा ब्रेक

आधीच सांगून ठेवते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची आणि मशीन जे सांगेल ते रिपोर्टवर उतरवायचं, हे माझं रोजचं काम. साखर वाढली तर वाढली, त्यात कुणाची नजर लागलेली नसते. आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या बायका आहेत आणि त्यांची मी वर्षानुवर्षं चेष्टा करत आलेय. मी असलं काही लिहितेय हे त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. तरी लिहिते... कारण घरात बोलून बोलून झालं, आणि आमच्यापैकी कुणालाच उत्तर सापडलेलं नाही.

आम्ही बदलापूर पूर्वेला, कुळगावात राहतो. तळमजल्यावरचा वन बीएचके — मी, माझे मिस्टर आणि कॉलेजला जाणारी मुलगी प्राची. हे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होते. सगळा जन्म स्टिअरिंगवर गेला. गेल्या वर्षी गणपती होऊन गेले आणि एका सकाळी दाढी करता करता ह्यांच्या हातातून रेझर पडला. पाठोपाठ हे पडले. उजव्या अंगाला अर्धांगवायू.

हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा उजवा हात थोडा थोडा काम करायला लागला होता. बोलणंही परत आलं, पण एकेक शब्द शोधून काढल्यासारखं. उजवा पाय मात्र आलाच नाही. उचलून ठेवला तर ठेवला, नाहीतर आहे तिथे. डॉक्टर म्हणाले, आता फिजिओथेरपी, आणि ती नेटाने करायची. सेंटर उल्हासनगर कॅम्प चारला. तिथल्या हर्षा मॅडम सिंधी, वयाने लहान पण हाताला फार गुण. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच जमायचं, कारण ह्यांना रिक्षात बसवायला दोन माणसं लागायची आणि इतक्या लांबचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान फिरवायचे. मॅडम म्हणायच्या, "भाभी, हफ्ते में एक बार से कुछ नहीं होगा. तीनदा तरी आणा. ह्या पहिल्या वर्षात जे येईल ते येईल, नंतर कठीण आहे."

आणि आमची स्वतःची गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. लाल रंगाची, सेकंडहँड, ह्यांनी लेकराप्रमाणे जपलेली. गाडी आहे, रस्ता आहे आणि ती चालवणारा माणूसच पेशंट. लग्नानंतर मी एकदोनदा म्हटलं होतं, मला शिकवा. तर "मी आहे ना" म्हणून विषय संपवायचे. सगळेच नवरे असं म्हणतात.

तर पंचेचाळिशीला टेकलेली मी ड्रायव्हिंग शिकायला निघाले.

शिकवणारा सापडणं हेच एक दिव्य. पहिला क्लास बदलापूर स्टेशनजवळचा. शिकवणारा पोरगा कानात इअरफोन घालून कुणाशी तरी भांडत असायचा आणि मधूनच मला म्हणायचा, "आंटी, सेकंड." मला वाटायचं फोनवरच्या बाईला म्हणतोय. दुसरा उल्हासनगर कॅम्प एकमधला, माझ्या मावसबहिणीने सुचवलेला. हे गृहस्थ दणदणीत. स्वतःच उजव्या हाताने स्टिअरिंग धरायचे आणि स्वतःच्या पायाने सगळं करायचे. "आप खाली सामने देखो, मैं हूँ ना." आठवडाभरात मी सामने देखायला उत्तम शिकले.

इथे एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. ते आपल्या पेडलना आतून जोडलेले. सरांनी त्यांचा ब्रेक दाबला की आपला ब्रेकही आपोआप खाली जातो आणि आपण दाबला की त्यांचा. त्यामुळे शिकणाऱ्याला बरेचदा कळतच नाही की गाडी आपण थांबवली की सरांनी. आपण उगाच खूश होतो.

तिसरे मिळाले ते साळवे सर. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारे, साठीचे, शांत. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती. कुणी कट मारून गेलं तरी शिवी नाही, फक्त "जाऊ दे, त्याला घाई आहे." त्यांचे गुडघे गेलेले होते. पाय खाली सोडून बसलं की सूज यायची, म्हणून विद्यार्थ्याला जरा जमायला लागलं की ते सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. मला आधी हसू यायचं. ते म्हणायचे, "ताई, मी मांडी घातली म्हणजे समजा तुम्ही पास होत आलात." लॅब सुटली की चारच्या सुमाराला ते मला बदलापूरहून घ्यायचे. तिथून चिखलोलीमार्गे अंबरनाथ आणि परत. त्या वेळात प्राची ह्यांच्याजवळ थांबायची.

पहिल्यांदा झालं ते चिखलोलीजवळ. पुढे पाण्याचा टँकर होता, तो एकदम थांबला. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. हे मी खात्रीने सांगते, कारण इंजिन जे काही ओरडलं ते मला अजून ऐकू येतं. आणि तरीही ब्रेकचं पेडल माझ्या पायाशेजारी खाली गेलं. गाडी धडधडली आणि बंद पडली. टँकरच्या मागच्या नळाचं पाणी आमच्या बॉनेटवर ठिबकत होतं, इतक्या जवळ.

"वा ताई, वेळेवर दाबलात," सर म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मांडी घातली होती. दोन्ही चपला खाली, पाय सीटवर.

मी काय समजायचं ते समजले. घाबरलेल्या माणसाला आपण काय केलं ते धड आठवत नाही. दोन्ही पेडल एकदम दाबली असतील. विषय संपला.

घरी आले तर प्राची दारातच उभी. "आई, बाबांचा पाय हलला." ह्यांचा पाय सपाट राहावा म्हणून मॅडमनी खाली लाकडी पाट ठेवायला सांगितला होता. पायाने तो पाट जोरात दाबला म्हणे, एकदाच. मी ह्यांच्या पायाशी बसून "परत करा ना, परत करा" म्हणत राहिले. हे घाम येईपर्यंत प्रयत्न करत होते. अंगठाही हलला नाही. पण आम्ही तिघंही त्या दिवशी हसत होतो. प्राचीने शिरा केला. मॅडमना फोन केला तर त्याही खूश. "बहुत अच्छा साइन है भाभी. पुन्हा पुन्हा व्हायला पाहिजे बस."

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल?

दुसऱ्यांदा झालं ते एमआयडीसीतल्या एका सुनसान रस्त्यावर. सर मला रिव्हर्स शिकवत होते. ते खाली उतरून गाडीच्या मागे उभे राहिले आणि हाताने "या, या" करायला लागले. गाडीत मी एकटी. माझा पाय क्लचवरून सटकला, गाडीने मागे उसळी घेतली. आरशात सरांचा चेहरा एकदम मोठा झाला. मी पेडल शोधत होते आणि सापडत नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष डावीकडे गेलं. रिकाम्या सीटपुढचं ब्रेकचं पेडल खाली जाताना मी बघितलं. सावकाश नाही... कुणीतरी सगळा भार टाकून दाबावं तसं, पार खालपर्यंत. गाडी थांबली. पेडल क्षणभर तसंच राहिलं आणि मग वर आलं.

सर मागून चालत आले. "थांबवलीत ना? झालं तर मग. घाबरू नका," म्हणाले. त्यांना वाटलं मीच दाबला. मी हँडब्रेक ओढला. आणि फोन वाजला. प्राची.

"आई, बाबांचा पाय पुन्हा गेला. पाट पार भिंतीपर्यंत सरकला. आत्ता, आत्ता."

घरी पोचले तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी चपला काढत होते. ह्यांनी मान वळवली, शब्द जुळवले आणि म्हणाले, "मागे... बघत जा."

मी प्राचीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. तिला मी रिव्हर्सचं काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री मी ह्यांना सरळ विचारलं, तुम्हाला दिसतं का काही? हे म्हणाले, "दिसत नाही. पोटात... खड्डा पडतो. मग पाय जातो." मुद्दाम नेता का, विचारलं. "नाही. जातो."

आता हे वाचताना तुम्हाला जे आठवतंय ते मलाही आठवलं. ज्याला गाडी येते तो माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसला की त्याचा पाय खाली ब्रेक शोधतो. आमचे हे त्यात कहर होते. माझ्या भावाच्या गाडीतून आम्ही कुठे गेलो की हे डावीकडे बसून सारखे मॅट दाबायचे आणि भाऊ वैतागायचा, "दाजी, तिथे काही नाहीये." ती खोड त्या मेलेल्या पायात शिल्लक राहिली असेल, इतपत मला पटू शकतं. मेंदू काय काय करतो, डॉक्टरांनाही सगळं माहीत नसतं. पण कुळगावातल्या पाटावर दाबलेला पाय एमआयडीसीतल्या गाडीला कसा लागतो? इथे माझी अक्कल थांबते.

मी लॅबवाली बाई, मी टेस्ट घेतली. मोकळ्या मैदानात मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबून समोरच्या मातीच्या ढिगाकडे गेले. काही नाही. सरांनी हँडब्रेक ओढला आणि "आज लक्ष कुठाय?" म्हणाले. घरी प्राची मोबाईलवर शूटिंग करत होती. पाय जागचा हलला नाही. म्हणजे खोटी चूक चालत नव्हती, धोका खरा लागत होता. पुढच्या दिवसांत एकदोन खऱ्या चुका झाल्या. एकदा फॉरेस्ट नाक्याला रिक्षा आडवी आली, एकदा स्कूटरवाली. दोन्ही वेळा पेडल गेलं, दोन्ही वेळा घरी पाट सरकला.

हर्षा मॅडम तर हवेत होत्या. ह्यांच्या मांडीला हात लावून म्हणाल्या, "स्नायूत जान येतेय. ऐसे ही चलता रहा तो वॉकरवर उभे राहतील."

वॉकरवर उभे राहतील. हे वाक्य मी लॅबमध्ये, स्वयंपाक करताना, झोपताना घोळवत होते.

आणि नेमकी त्याच सुमाराला मला गाडी यायला लागली. खरंच यायला लागली. हाफ क्लच जमला, आरसे बघायची सवय झाली, पाय आपोआप योग्य पेडलवर जायला लागला. सर रोज मांडी घालून बसायला लागले. आठवडा गेला, चुकीचं काही झालं नाही, आणि ह्यांचा पाय पाटावर मढ्यासारखा पडून राहिला. मॅडमनी विचारलं, "क्या हुआ? एवढं छान चाललं होतं."

मी काय सांगणार? मी सुधारले, हे झालं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने करू नये. मी लायसन्सच्या टेस्टची तारीख पुढे ढकलली. सरांना म्हटलं, अजून कॉन्फिडन्स नाही, थोडे दिवस वाढवा, आणि गर्दीत न्या. त्यांना नवल वाटलं, पण ते मला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेले. ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना सोफे आणि पलंग पार रस्त्यापर्यंत आलेले, मधून टेम्पो, बाइक, माणसं. आमच्या पुढे एका हातगाडीवर आरसा लावलेलं कपाट चाललं होतं. एक माणूस पुढून ओढत होता, एक मागून दोन्ही हातांनी कपाट सावरत होता. सर खाली मान घालून फोनवर पुढच्या विद्यार्थ्याला पत्ता सांगत होते. मांडी घातलेली.

मी ब्रेकवरचा पाय काढून बाजूला ठेवला.

कपाटाच्या आरशात मला माझीच गाडी अंगावर येताना दिसली. पेडल गेलं. गाडी थांबली तेव्हा कपाट सावरणाऱ्या माणसाचा हात बॉनेटवर होता. त्याने मागे वळून बघितलं, "देख के बाबा" एवढंच म्हणाला आणि कपाट सावरत पुढे गेला. त्याला सवय होती.

सरांना नव्हती. त्यांनी या वेळी खाली बघितलं होतं. "ताई, तुमचा पाय ब्रेकवर नव्हता," ते म्हणाले. "आणि माझाही नव्हता."

गाडी कडेला घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी सगळं, ह्यांच्या पायापासून पाटापर्यंत. सगळं ऐकून त्यांनी चपला घातल्या, पाय खाली सोडले.

"हे असलं काही आम्ही मानत नाही," ते म्हणाले. "मी उद्या गॅरेजला जाऊन पेडल उघडून बघेन. पण तुम्ही आत्ता जे केलंत, ते मात्र मला मानावं लागेल. गाडी थांबली नसती, तर त्या माणसाच्या बायकोला काय सांगितलं असतं? माझ्या नवऱ्याचा पाय हलावा म्हणून?"

लाज वाटली. आजही वाटते.

घरी गेले तर प्राची रडवेली झाली होती. ह्यांचा शर्ट घामाने भिजलेला, ओठ पांढरे. पाट उलटा पडला होता. इतक्या जोरात पाय याआधी कधीच गेला नव्हता. मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मी पायाला हात लावायला खाली बसले तर ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मुद्दाम केलंस."

मी दुसऱ्या हाताने उलटा पाट सरळ केला.

"सुरेखा... मला भीती वाटते. रोज चार वाजले की... भीती वाटते. तू तिकडे, मी इथे." मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. "पाय नको मला. तू नीट चालव."

लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस कधी कशाला घाबरतो असं मी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्या गुडघ्याला ते कळलं की नाही, देव जाणे.

सरांनी गॅरेजमध्ये पेडल उघडून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं, कुठे काही ढिलं नाही, अडकलेलं नाही. मेकॅनिक म्हणाला, गाडी एकदम ओके आहे, पैसे कशाचे घेऊ. पुढच्या तारखेला मी कल्याणला जाऊन टेस्ट दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. सरांनी पेढा घेतला, मूर्तीपुढे ठेवला आणि मग खाल्ला. पायाबद्दल त्यांनी परत विचारलं नाही.

त्या दिवसापासून ह्यांचा पाय हललेला नाही. आता प्राची आणि मी मिळून ह्यांना गाडीत बसवतो, आणि मी आठवड्यातून तीनदा आमच्याच गाडीतून कॅम्प चारला नेते. हर्षा मॅडम मन लावून करतात. हात आता बराच चांगला आहे, बोलणंही सुधारलंय, पण पायाचं त्या काही बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. ते पहिलं वर्ष आता संपत आलंय. मी ब्रेक चुकवत राहिले असते तर हे उभे राहिले असते का? न्यूरॉलॉजिस्टना मी आडवळणाने विचारून बघितलं. ते म्हणाले, असे अधूनमधून झटके येतात, त्याचा फार अर्थ लावू नका. मी त्यांना गाडीचं सांगितलं नाही. माझ्याकडे प्राचीने केलेली दोन शूटिंग आहेत, त्यात पाय जाताना स्पष्ट दिसतो. पेडलचं माझ्याकडे काहीही नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आणि सरांनी एकदा बघितलेलं, तेवढंच. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, फक्त कुणी मांत्रिकाचा पत्ता देऊ नका.

परवाचं सांगते आणि थांबते. अंबरनाथ सोडून उल्हासनगरला लागलो होतो. हे शेजारी, बेल्ट लावलेला. एका गल्लीतून सायकलवर एक बाई भाजीची पिशवी लटकवून थेट समोर आली. मी ब्रेक दाबला. माझा पाय, माझा ब्रेक, आमच्या गाडीत दुसरा नाहीच. गाडी कचकन थांबली, मागच्या सीटवरची ह्यांची फाइल खाली पडली. बाई निघून गेली.

मी सवयीने आधी ह्यांच्या पायाकडे बघितलं. तो होता तिथेच होता. वाईट वाटलंच. मग वर बघितलं, काही लागलं का विचारायला.

हे झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटला नाही, तो झोपला होता.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी माझ्याकडची काच वर केली आणि हळूच फर्स्ट टाकला.